नव्या फिशटँकमध्ये खरी झाडं लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला फोटो येतात ते बहुतेक रात्री अकरानंतर. पिवळं पडलेलं एक पान, मागे अंधुक काच आणि खाली एवढंच: "दादा, हे गेलं का?" तेच तेच टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. उदाहरणं 2 × 1 × 1 फुटाच्या टँकची आहेत, कारण घरोघरी पहिला टँक साधारण एवढाच असतो. त्यात काठोकाठ 54 लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली की हातात 45 लिटर उरतं. औषध, खत, क्लोरीन घालवायचे थेंब, सगळ्याचा हिशोब या 45 वर करायचा. टँकच्या खोक्यावर लिहिलेल्या आकड्यावर करायचा नाही.

1. प्लास्टिकची झाडं काढून खरी लावायची आहेत. नवीन काय काय घ्यावं लागेल?

तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी. पांढरा एलईडी लाइट, त्याला टायमर, दोन इंच साधी बारीक खडी, स्पंज फिल्टर आणि क्लोरीन घालवायचं औषध. लांब चिमटा असला तर उत्तम, नसला तर हात कोपरापर्यंत ओले करायचे. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, महागडी माती, सात बाटल्यांचं खत यातलं काहीही पहिल्या दिवशी लागत नाही. पैसे उरले तर ते जास्त रोपांवर घाला. कारण प्रश्न 3 मध्ये आहे.

2. आधी मासे सोडायचे की आधी झाडं लावायची?

आधी झाडं. पाणी भरलं त्याच दिवशी लावली तरी चालतात.

नव्या टँकमध्ये माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये आणि खडीत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं त्या मानाने निरुपद्रवी. झाडं अमोनिया थेट खातात, म्हणून जिवाणूंचं बस्तान बसेपर्यंत तीच टँक सांभाळतात. झाडांना नवी पानं फुटू लागली की चार-पाच लहान मासे सोडा आणि पंधरा दिवस थांबा. शक्य असेल तर आधी टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य आलेत ना, ते बघा.

"मुलं ऐकत नाहीत, मासे आजच हवेत" हेही मला नेहमी येतं. मुलांना गोगलगाय दाखवा. ती हमखास आलेली असते (प्रश्न 14).

3. पहिल्यांदा कोणती झाडं घेऊ? दुकानदार लाल रंगाची सुंदर झाडं दाखवतो.

लाल झाड दुकानाच्या लाइटखाली सुंदर दिसतं. त्याला भरपूर उजेड, लोह आणि बहुतेक वेळा वेगळा कार्बन डायऑक्साइडही लागतो. पहिल्या टँकमध्ये ते महिनाभरात शेवग्याच्या काडीसारखं उघडं पडतं. ते दुसऱ्या वर्षी घ्या.

माझी यादी दोन गटांत आहे. पहिला गट भरभर वाढणाऱ्यांचा: हॉर्नवर्ट, वॉटर विस्टेरिया, हायग्रोफिला पॉलिस्पर्मा, व्हॅलिस्नेरिया. हे टँकचे सफाई कामगार. पाण्यातलं जास्तीचं अन्न शेवाळाच्या आधी हेच संपवतात. यातली विस्टेरिया आणि पॉलिस्पर्मा मूळची आपल्याच उपखंडातली, व्हॅलिस्नेरियाही आपल्याकडच्या तळ्यांत सापडते, त्यामुळे आपला उन्हाळा त्यांना नवा नाही. बकोपा मोनिएरीही सोपी आहे. लेबलवरच्या नावाने बिचकू नका, ती आपली नीरब्राह्मी.

दुसरा गट सावकाश वाढणाऱ्या, चिवट झाडांचा: अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन वेंडटी (पुढे नुसतं क्रिप्ट). महिन्याला एखादं-दोन पानं देतात, कमी उजेडात तग धरतात आणि वर्षानुवर्षं राहतात.

दोन फुटी टँकला पहिल्या गटातल्या किमान पाच-सहा जुड्या आणि दुसऱ्या गटातली तीन-चार रोपं घ्या. दोनच रोपं लावून "कशी येतात बघू, मग आणखी आणतो" असं बहुतेक जण करतात. अशा रिकाम्या टँकमध्ये शेवाळ सगळ्यात आधी घर करतं. पहिल्या दिवशी टँक थोडा गचपण वाटला पाहिजे.

आणि अ‍ॅमेझॉन स्वोर्ड? छान झाड आहे, पण पूर्ण वाढलं की एक फूट उंचीच्या टँकमध्ये तेच तेवढं दिसतं.

4. रोप आणलं, आता थेट टँकमध्ये लावू का?

नको. आधी त्याचे कपडे काढा. कुंडीतल्या रोपाच्या मुळांभोवती कापसासारखा दगडी धागा असतो, तो चिमट्याने निघेल तेवढा काढा. जुडी असेल तर खाली शिशाची पट्टी गुंडाळलेली असते. ती काढून फेका. पट्टीखाली दबलेला बुडखा बहुधा काळा पडलेला असतो, तेवढा कापून टाका. पिवळी, फाटकी पानंही काढा. मग वाहत्या पाण्याखाली पानाच्या दोन्ही बाजू बोटांनी चोळा. पानामागे जेलीसारखा पारदर्शक ठिपका दिसला तर ती गोगलगायीची अंडी.

जास्त खबरदारी हवी असेल तर एक लिटर पाण्यात चहाचा चमचाभर तुरटीची पूड विरघळवून रोप दोन-तीन तास बुडवा, मग स्वच्छ पाण्याने धुवा. अंडी शंभर टक्के मरतील असं मी म्हणणार नाही, पण संख्या नक्की घटते. पोटॅशियम परमँगनेट वापरणार असाल तर पाणी फिकट गुलाबीच हवं आणि वेळ दहा मिनिटं. जांभळ्या पाण्यात मॉससारखं नाजूक झाड जळतं.

टँकमध्ये कोळंबी पाळणार असाल तर वेगळा नियम. नर्सरीत रोपांवर कीटकनाशक मारलेलं असू शकतं. माशांना ते सोसतं, कोळंबीला नाही. रोपं आठवडाभर बादलीत ठेवून रोज पाणी बदला.

5. प्रत्येक झाड खडीत खोचायचं का?

याच चुकीने अनुबियास सगळ्यात जास्त मरतात. अनुबियास आणि जावा फर्न यांचं खोड आल्याच्या कुडीसारखं आडवं असतं. ते खडीत पुरलं की कुजतं. मुळं खाली गेली तर चालतील, कुडी उघडी हवी. ही झाडं दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा. साधा काळा शिवणदोरा चालतो. थेंबभर सुपरग्लू जेल लावलं तरी चालतं, पाण्यात ते घट्ट होतं आणि माशांना त्रास देत नाही.

व्हॅलिस्नेरियाची मुळं खडीत आणि पानं जिथून फुटतात तो पांढरट भाग बाहेर. एकदा रुजली की ती स्ट्रॉबेरीसारखे आडवे धुमारे सोडते आणि रांगेत पिल्लं घालते. विस्टेरिया, पॉलिस्पर्मा, बकोपा यांच्या फांद्या सुट्या करून, खालच्या दोन पेरांची पानं काढून, एकेक बोटाच्या अंतराने तिरक्या खोचा. अख्खी जुडी एकत्र खोचली तर आतल्या फांद्या उजेडाविना सडतात. हॉर्नवर्टला मुळंच नसतात. नुसतं तरंगत सोडा.

6. खाली साधी खडी चालेल की ती काळी "प्लांट सॉइल" घ्यायलाच हवी?

साधी खडी चालते, 2 ते 4 मिलिमीटरची, दोन-अडीच इंच थर. ती स्वतः उपाशी असते, म्हणून क्रिप्ट आणि व्हॅलिस्नेरियाच्या मुळाशी दोन-तीन महिन्यांनी खताची गोळी पुरायची. बस.

खडी कुठली, हे मात्र तपासा. मूठभर कोरडी खडी वाटीत घेऊन वर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फसफसलं तर त्यात चुनखडी, संगमरवर किंवा शंख-शिंपल्यांचा चुरा आहे आणि ती हळूहळू पाणी जड करत राहील. समुद्रकिनाऱ्यावरून हौसेने आणलेली वाळू याच परीक्षेत नापास होते. आपल्याकडचा काळा बेसाल्ट बिनधास्त वापरा. निळी-गुलाबी रंगीत खडी झाडांना मारत नाही, पण काही महिन्यांत तिचा रंग सुटतो. डोळ्यांचं काय ते तुम्ही बघा.

तयार सॉइल चांगलीच असते. पण बहुतेक प्रकार सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सोडतात. झाडांना तो आवडतो, माशांना घातक. सॉइल घातली तर मासे सोडायची घाई आणखी कमी करा.

"नर्सरीतली लाल माती खाली घालून वर खडी टाकू का?" तत्त्वतः होय: एक इंच माती, वर दीड इंच खडी. पण नर्सरीतल्या मातीत शेणखत आणि कोकोपीट मिसळलेलं असतं. शेणखतामुळे पाणी आठवड्यात गटारासारखं घाण मारतं आणि कोकोपीट तरंगून वर येतं. पहिल्या टँकला हा प्रयोग नको.

7. लाइट किती तास? आमच्या हॉलमध्ये दिवसभर उजेड असतो.

पहिला महिना सहा तास, नंतर आठ. त्याहून जास्त नको. नव्या टँकमध्ये झाडं अजून रुजलेली नसतात. जास्तीचा उजेड ती वापरत नाहीत, शेवाळ वापरतं.

टायमरशिवाय हे जमत नाही, मी स्वतः करून हरलोय. तुम्ही टँक बघणार संध्याकाळी, तर लाइट चार ते दहा ठेवा. सकाळी अंधार असला तर झाडं रुसत नाहीत.

लाइट पांढरा, 6500 केल्विनच्या आसपासचा. ज्या गुलाबी-निळ्या लाइटखाली मासे झळकतात, तो बहुधा माशांसाठीच असतो. हॉलमधल्या उजेडावर झाड वाढत नाही. उलट खिडकीतून टँकवर थेट ऊन येत असेल तर काच हिरवी होते आणि पाणी तापते. टँक हलवा किंवा मागे काळा कागद लावा.

8. नळाचं पाणी, बोअरचं पाणी की आरओचं?

मुंबई-पुण्यात महापालिकेचं धरणाचं पाणी मिळत असेल तर तेच घ्या, क्लोरीन घालवून. उघड्या बादलीत 24 तास ठेवा किंवा क्लोरीन घालवायचं औषध टाका. सोसायटीची टाकी धुतल्यावर किंवा गावात पावसाळ्याच्या तोंडावर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हात मोकळा सोडून टाकतात. त्या आठवड्यात पाणी बदलू नका.

बोअरचं पाणी जड असतं, नळावर पांढरी पुटं चढतात ते याच्यामुळे. तरी घाबरू नका. व्हॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्टला जड पाणी मानवतं, अनुबियास आणि जावा फर्नही जुळवून घेतात. लाल आणि नाजूक झाडं विसरा.

नुसतं आरओचं पाणी वापरू नका, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास उरलेलं नसतं. बोअर फारच जड असेल तर अर्धं-अर्धं मिसळा.

फसवा प्रकार सॉफ्टनरचा. काही सोसायट्यांमध्ये मीठ घालून चालणारा सॉफ्टनर बसवलेला असतो. तो कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. साबणाला फेस छान येतो आणि झाडं मात्र विनाकारण खंगतात. "सगळं बरोबर करतोय तरी वाढ नाही" असं सांगणाऱ्यांना मी हल्ली पहिला प्रश्न हाच विचारतो.

9. आठच दिवस झाले आणि पानं पारदर्शक होऊन विरघळतायत. झाड मेलं का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. बहुतेक वेळा उत्तर: नाही.

दुकानात मिळणारी बरीच रोपं नर्सरीत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. तिथली पानं हवेसाठी घडलेली, जाडसर. पाण्यात बुडवल्यावर ती पानं कामाची राहत नाहीत. झाड त्यातलं अन्न ओढून घेतं, ती टाकून देतं आणि पाण्याखाली चालतील अशी नवी, पातळ पानं काढतं. विस्टेरियात हा बदल इतका उघड दिसतो की माणूस चक्रावतो: दुकानातलं पान साधं, दातेरी, पाण्यातलं नवं पान कोथिंबिरीसारखं चिरलेलं.

क्रिप्टचा स्वभाव त्याहून तऱ्हेवाईक. जागा बदलली, पाणी बदललं, लाइट बदलला की ती सगळी पानं एकदम टाकते. माझं पहिलं क्रिप्ट दहाव्या दिवशी शेवयांची खीर झालं होतं. उपटून फेकलं, दुकानदाराला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. अडीच-तीन महिन्यांनी त्याच जागी खडीतून नखाएवढं तपकिरी पान वर आलं. मुळाचा तुकडा मागे राहिला होता आणि त्याने माझी वाट पाहिली नव्हती. ते झाड आजही त्याच कोपऱ्यात आहे, त्याची पिल्लं मी तिघांना दिली.

तेव्हा विरघळलेली पानं रोज काढून टाका, नाहीतर कुजून पाणी बिघडवतील. पण झाड उपटू नका. जुन्या पानाकडे बघूच नका, मध्यातून काय फुटतंय ते बघा. तीन-चार आठवड्यांत कोंब दिसला की सुटलात. झाड खरंच मेलंय हे ओळखायचं तर बोटाने दाबा. खोड किंवा कुडी मऊ लागली आणि वास आला, तर ते गेलं.

10. कार्बन डायऑक्साइड द्यावाच लागतो का? आणि ते "लिक्विड कार्बन"?

प्रश्न 3 मधल्या झाडांना वेगळा गॅस लागत नाही. माशांच्या श्वासातून आणि हवेतून मिळतो तेवढा पुरतो, वाढ सावकाश होते एवढंच. सावकाश वाढ म्हणजे कात्रीही कमी चालवावी लागते.

साखर आणि यीस्टची बाटली करून बघायला मजा येते, पण गॅस कधी जास्त, कधी कमी येतो आणि रात्री बंद करता येत नाही. रात्री झाडंही ऑक्सिजनच घेतात. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर बाटली काढा, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावा.

लिक्विड कार्बन म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा ग्लुटाराल्डिहाइड असतं. इस्पितळात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात तेच. शेवाळावर ते चालतं, पण व्हॅलिस्नेरिया आणि मॉस त्याने विरघळतात. व्हॅलिस्नेरिया "अचानक एका आठवड्यात गेली" अशा बऱ्याच कहाण्यांमागे ही बाटली असते. हाताळताना हातमोजे घाला.

11. खत कधी सुरू करू? गच्चीतल्या कुंड्यांचं खत चालेल का?

पहिले तीन-चार आठवडे काही नको. मासे आले, नवी पानं आली, की मग आठवड्यातून एकदा जलवनस्पतींचं द्रवखत, बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्म्याने.

काय कमी पडतंय ते पान सांगतं. जुनी पानं पिवळी पडली तर नायट्रोजन कमी. जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली तर पोटॅशियम. नवीन पान फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह. नायट्रोजन-पोटॅशियम झाड जुन्या पानातून नव्याला देऊ शकतं, लोह फारसं देऊ शकत नाही. म्हणून तक्रार जुन्या पानाची की नव्याची, हे आधी बघायचं.

कुंडीतलं खत नको. युरिया, डीएपी, 19:19:19 या सगळ्यांतून अमोनिया होतो आणि मासे जातात. घरी शेती असणारे विचारतात, "मग 13:0:45 चालेल का?" ते चालतं. ते पोटॅशियम नायट्रेट आहे, कृषी सेवा केंद्रात मिळतं. पण प्रमाण सांभाळा: 50 लिटर पाण्यात फक्त 1 ग्रॅम टाकलं तरी नायट्रेट साधारण 12 पीपीएमने (लिटरमागे 12 मिलिग्रॅम) वाढतं. स्वयंपाकघरातल्या चमच्याने मोजायची ही वस्तू नाही, सोनाराकडचा असतो तसा छोटा काटा घ्या. मासे भरपूर असतील तर नायट्रेट आयतंच मिळत असतं, याच्या वाटेला जाऊच नका.

12. काचेवर आणि पानांवर तपकिरी थर बसतोय.

ते डायटम, एक प्रकारचं तपकिरी शेवाळ. नव्या टँकमध्ये दुसऱ्या आठवड्यापासून येतात, बोटाने पुसले जातात आणि दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतात. पुसा आणि विसरा.

हिरवे धागे आले तर लाइट दोन तासांनी कमी करा, धागे जुन्या टूथब्रशवर गुंडाळून काढा आणि विस्टेरियासारखं भरभर वाढणारं झाड वाढवा. पाणीच पोपटी झालं तर टँक चादरीने झाकून तीन-चार दिवस पूर्ण अंधार, एअरस्टोन चालू, आणि शेवटी निम्मं पाणी बदला. पानाच्या कडेला काळी दाढी उगवली असेल तर ते पान कापा, ती घासून जात नाही. निळसर हिरवी साय धरून वास येत असेल, तर ते शेवाळ नसून जिवाणू आहेत. साय नळीने ओढून काढा, खडी साफ करा, मग तोच अंधाराचा उपाय.

13. एक सकर मासा टाकला की शेवाळाचा प्रश्न मिटेल ना?

मिटत नाही, वाढतो. दुकानात तो बोटाएवढा असतो, घरी फूटभर होतो. तोवर शेवाळ सोडून खाण्याच्या गोळ्यांवर ताव मारायला शिकलेला असतो, रुंद पानं खरवडतो, रोपं उपटतो आणि विष्ठा सगळ्यात जास्त तोच टाकतो. मग लोक कंटाळून त्याला नदीत सोडतात. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आज उजनीच्या जलाशयात सापडतो, तो आपणहून पोहत आलेला नाही.

शेवाळ खायला माणूस हवाच असेल तर चार-पाच ऑटोसिंक्लस हे बारके मासे घ्या, पण टँक तीन-चार महिने जुना झाल्यावर. नव्या टँकमध्ये ते उपाशी मरतात.

14. झाडांबरोबर बारक्या गोगलगायी आल्यात. झाडं खातील?

जिलबीसारख्या चपट्या आणि लहान टोकदार शंखाच्या, या दोन्ही जाती निरोगी पान सहसा खात नाहीत. कुजकं पान, शेवाळ आणि माशांचं उरलेलं खाणं खातात. पानाला भोक दिसतं आणि त्यावर गोगलगाय बसलेली असते, म्हणून आळ तिच्यावर येतो. आधी प्रश्न 11 मधलं पोटॅशियम आठवा.

दहाच्या दोनशे झाल्या तर तुम्ही खाणं जास्त घालताय. रात्री काकडीची चकती काट्याला टोचून बुडवा, सकाळी चकतीसकट वीस-पंचवीस बाहेर. गोगलगायी मारायचं औषध टाकू नका. एकदम मेलेल्या शंभर गोगलगायी पाण्याचं काय करतील याचा विचार करा.

15. गोल्डफिश आहेत. झाडं टिकतील का?

गोल्डफिशच्या नजरेत टँक म्हणजे मेथीची जुडी. मऊ पानांचं सगळं खातील आणि खडी उकरून बाकीचं उपटतील. दगडाला बांधलेलं अनुबियास आणि जावा फर्न सहसा वाचतात, पानं जाड आणि बेचव असतात. हॉर्नवर्ट खाऊ म्हणून टाकत राहा.

16. आमच्याकडे मे महिन्यात पाणी 33-34 अंशांवर जातं. झाडं तगतील?

व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, हॉर्नवर्ट तगतात. मॉस खंगतं, क्रिप्ट पानं टाकू शकतं (प्रश्न 9). खरी काळजी माशांची, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो.

वरचं झाकण काढा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा लावा. माठ जसा गार होतो तसंच हे. विदर्भाच्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात, कोकणातल्या दमट हवेत कमी. पाणी रोज आटेल, ते भरत राहा. बर्फाची बाटली बुडवू नका. दुपारी 28 आणि संध्याकाळी 34 हा झोका एकसारख्या 33 पेक्षा वाईट. लाइट रात्रीच्या बाजूला सरकवा, तोही पाणी तापवतो.

17. गणपतीत दहा दिवस गावी जातोय. शेजारी किल्ली देऊ का?

किल्ली द्या, पण खाण्याचा डबा लपवून ठेवा. शेजारच्या काकू माशांना प्रेमाने इतकं घालतात की परत आल्यावर पाणी ताकासारखं असतं. निरोगी मोठे मासे आठवडा-दहा दिवस खाण्याशिवाय राहतात, शिवाय झाडांवरचं काहीबाही टिपतात. पिल्लं असतील तर मात्र रोजच्या पुड्या बांधून ठेवा.

जायच्या दोन दिवस आधी तिसरा हिस्सा पाणी बदला, पिवळी पानं काढा, टायमर पाच तासांवर आणा. खत नको. वीज गेली तर स्वस्तातला टायमर तेवढा मागे पडतो, आल्यावर वेळ लावून घ्या.

18. माशांना पांढरे ठिपके आले. मीठ टाकलं तर झाडांना चालेल?

नाही. ठिपक्यांवर उपयोगी पडेल इतकं खडेमीठ व्हॅलिस्नेरिया आणि मॉसला सोसत नाही. मिथिलिन ब्लू फिल्टरमधल्या जिवाणूंना मारतं आणि सिलिकॉनवर निळे डाग सोडतं. तांब्याचं औषध गोगलगायी आणि कोळंबीसाठी विष. माशांवरचे उपचार वेगळ्या बादलीत, हीटर आणि एअरस्टोन लावून करा. टँक तोवर माशांविना चालू ठेवा. माशाशिवाय या रोगाचा जंतू फार दिवस जगत नाही.

19. लकी बांबू आणि मनी प्लांट टँकमध्ये चालतात?

मुळं पाण्यात आणि पानं पाण्याबाहेर असतील तर दोन्ही उत्तम. मनी प्लांटची वेल टँकच्या मागच्या कडेला अडकवा, मुळं खाली सोडा. नायट्रेट खाण्यात त्याच्यासारखा दुसरा नाही आणि त्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड आयता मिळतो. पूर्ण बुडवलं तर दोन्ही सडतात. पाण्यात महिना-दोन महिने हिरवे राहतात, म्हणून दुकानात "जलवनस्पती" म्हणून खपतात. मोंडो ग्रास, सिंगोनियम आणि जांभळ्या सुरकुतलेल्या पानांचं हेमिग्राफिस यांचंही तेच. ओळखायची साधी खूण: रोप पाण्याबाहेर काढून धरा. जलवनस्पती ओल्या दोऱ्यासारखी लोळते. ताठ उभं राहिलं तर दुकानदाराला आणखी दोन प्रश्न विचारा. अनुबियास, क्रिप्ट आणि पाण्याबाहेर वाढवलेली नर्सरीची रोपं याला अपवाद.

20. ऑनलाइन "कार्पेट सीड्स" मिळतात, आठ दिवसांत हिरवळ. घेऊ का?

आठ दिवसांत हिरवळ येते, जाहिरात तेवढी खरी आहे. पुढच्या दीड-दोन महिन्यांत ती मुळासकट कुजून तरंगते, ते जाहिरातीत नसतं. पाकिटावर मॉंटे कार्लो किंवा हेअरग्रास लिहिलेलं असलं तरी आत बहुतेक वेळा पाण्याखाली न टिकणाऱ्या दुसऱ्याच झाडाचं बी असतं. खरी कार्पेटची रोपं दुकानात वाटीतून मिळतात.

21. गावच्या ओढ्यातून झाडं आणली तर? फुकटात होतील.

तळ्यात भरपूर वाढलेलं हायड्रिला मूठभर आणलंत तर निसर्गाचं काही बिघडत नाही. तुमच्या टँकचं बिघडू शकतं. मी एकदा आणलं, धुतलं, लावलं. पंधरा दिवसांत गप्पीची पिल्लं अकरावरून तीनवर. रात्री टॉर्च मारून बसलो तेव्हा देठाला चिकटलेली मातकट रंगाची अळी दिसली, काडीसारखी निश्चल. पिल्लू जवळ आलं, अळीच्या तोंडाखालून घडी घातलेला चिमटा सटकन बाहेर आला आणि पिल्लू गायब. चतुराची अळी. तेव्हापासून बाहेरचं काहीही महिनाभर वेगळ्या बादलीत राहतं.

दुर्मिळ झाडांना मात्र हात लावू नका. कासच्या पठारावरचा वायतुरा हा अ‍ॅपोनोजेटॉन आहे, दुकानात त्याचे भाऊबंद कंद म्हणून विकतात, त्यामुळे कुणालाही मोह होईल. तो सह्याद्रीतल्या मोजक्या जागांपलीकडे कुठेच नाही, पठारावरच्या पावसाच्या पाण्याचा चार महिन्यांचा जीव आहे. घरच्या टँकमध्ये टिकणारही नाही.

22. छाटलेली झाडं नाल्यात किंवा नदीत टाकली तर चालतात ना? शेवटी पाण्यातलीच आहेत.

अजिबात नाही. जलपर्णीही बाहेरून शोभेसाठी आणलेलं झाड होतं, आज पवना आणि मुठेचं काय झालंय ते पुलावरून दिसतं. केरळात कोझिकोडजवळ 2020 मध्ये कबोंबाच्या गुलाबी फुलांनी एक अख्खा कालवा भरला, लोक फोटो काढायला लोटले. तीही टँकसाठी विकली जाणारी, मूळ अमेरिका खंडातली वनस्पती. हॉर्नवर्ट किंवा हायग्रोफिलाचं बोटभर पेरही पुन्हा फुटतं, म्हणून सिंकमध्येसुद्धा टाकू नका.

छाटणी वर्तमानपत्रावर पसरून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. कुरकुरीत झाली की चुरून कुंडीत घाला. आमच्या तुळशीला गेली काही वर्षं हेच खत आहे. चांगल्या फांद्या असतील तर ओल्या कागदात गुंडाळून डब्यात घाला आणि नवा टँक मांडणाऱ्या कुणाला तरी द्या. सोबत प्रश्न 9 वाचायला सांगा, म्हणजे रात्री अकरानंतरचा एक फोटो कमी येईल.